दुसऱ्या पायरीवर नापास

माझ्यावर सर्वांत जास्त उपकार कोणाचे, असे कोणी विचारले तर मी शेवंतीमावशीचे नाव सांगतो. शेवंती लाडू परब, राहणार केरी, तालुका पेडणे. शिक्षण मराठी चौथी. हुद्दा आया. आमच्या डिचोलीत गणपतीच्या मंडळाने एकदा व्यासपीठावर बोलावून मला नारळ दिला, तेव्हा निवेदकाने विचारले, "सर, आपले प्रेरणास्थान?" त्याला आई, वडील, शाळेतले गुरुजी किंवा एखादा थोर पुरुष हवा होता. मी "एक आया" म्हटल्यावर तो "वा, वा" म्हणाला, माईक काढून घेतला आणि पुढच्या नारळाकडे वळला.

तेव्हा सांगायचे राहिले ते इथे लिहितो.

माझे वडील बांद्याहून शिरगावच्या खाणीवर ट्रक चालवायला आले आणि डिचोलीचेच झाले. आमच्या घरात दहावीच्या पुढे गेलेला मी पहिला. बी.ए. झालो तेव्हा आईने पदवीचा कागद फ्रेम करून देवांच्या शेजारी लावला आणि बरेच दिवस देवांबरोबर त्यालाही फूल वाहिले. पुढे खाणी बंद पडल्या, ट्रक अंगणात उभा राहिला, आणि आता घर या फ्रेमवर चालायचे, असे सगळ्यांनी न बोलता ठरवले. माझा विषय इतिहास. डिचोलीच्या बाजारात इतिहासाला गिऱ्हाईक नव्हते. शेवटी म्हापशाजवळच्या एका खासगी रुग्णालयाला माणसे पुरवणारा ठेकेदार भेटला. त्याने शिक्षण विचारले, मी ऐटीत सांगितले. तो म्हणाला, "दहावी लिहितो. बी.ए. लिहिलं तर त्यांना वाटेल, हा चार दिवसांत पळणार." अशा रीतीने नोकरी लागली त्याच दिवशी माझे पाच वर्षांचे शिक्षण कमी झाले.

पहिल्या दिवशी मी इस्त्रीचा शर्ट घालून गेलो. पुरुषांच्या वॉर्डात शेवंतीमावशी बादली घेऊन उभी होती. बुटकी, सडपातळ, रुग्णालयाची निळी साडी वर खोचलेली. तिने मला नखशिखांत पाहून घेतले.

"कितपत शिकलंस रे पुता?"

"बी.ए."

"म्हंजे वाचूक येता मा? मगे ह्या भांड्यार काय लिवला ता वाच."

भांडे म्हणजे बेडपॅन. त्यावर लाल तेलरंगात 'पुरुष वॉर्ड' असे लिहिले होते. मी वाचले.

"बरा वाचलंस. आता घेवन जा. जनेलाकडच्या आजोबांका होया."

मी भांडे घेऊन खिडकीकडच्या आजोबांकडे गेलो. माझ्या पदवीचा वॉर्डात उपयोग झाला तो एवढा. त्यानंतर अडीच वर्षे मी मावशीच्या हाताखाली होतो.

या कामाला आता 'जनरल ड्युटी असिस्टंट' असे भारदस्त नाव आहे आणि मी ते शिकवतो, म्हणून बाहेरच्या वाचकासाठी थोडे समजावून सांगतो. डॉक्टर रुग्णाला दिवसात पाच-दहा मिनिटे पाहतात. नर्स औषधाच्या, इंजेक्शनच्या वेळी येते. उरलेला सगळा दिवस रुग्ण आमच्या हातात असतो. त्याला पुसायचे, भरवायचे, दात घासून द्यायचे, शौचाला बसवायचे, चालवायचे. आणि जो स्वतः हलू शकत नाही त्याला दर दोन तासांनी कूस बदलून द्यायची. हे शेवटचे काम दिसायला सोपे आणि फार मोलाचे. माणूस एकाच जागी पडून राहिला की माकडहाड आणि टाचा आधी लाल होतात, मग कातडी सुटते, आणि मग ज्या आजारासाठी तो आला तो बरा होऊनही जखम राहते. मावशी सकाळी आली की आधी सगळ्यांच्या टाचांखाली हाताची मागची बाजू सरकवून पाहायची. तळव्याने पाहायची नाही. "तळवो राठ झालो रे, तेका काय कळना नाय," म्हणायची.

तिच्या अशा पुष्कळ गोष्टी होत्या. बेडपॅन थंड द्यायचे नाही, गरम पाण्याने विसळून पुसून द्यायचे. देताना त्या माणसाच्या तोंडाकडे पाहायचे नाही आणि गप्पही राहायचे नाही. त्याच्या गावच्या भाताची, माशांची चौकशी करायची, म्हणजे तो उत्तर देण्यात गुंततो. उचलायच्या आधी कुठे नेणार ते सांगायचे, तो बेशुद्ध असला तरी. आणि जो रोज कुरकुरतो तो ज्या दिवशी कुरकुरला नाही, त्या दिवशी धावत जाऊन नर्सला सांगायचे. हे सगळे मी तिचा ओरडा खात शिकलो. ती मला "बी.ए." अशीच हाक मारायची आणि ही हाक वॉर्डात कौतुक म्हणून कोणी ऐकली नाही.

एकदा माझ्याकडून मोठी चूक होता होता राहिली. वॉर्डात एकाच नावाचे दोन विश्राम गावडे होते. एकाचा पाय मोडलेला, दुसऱ्याचे पोट बिघडलेले. मला नर्सने सांगितले, विश्राम गावड्यांना एक्स-रेला घेऊन जा. मी एकाला चाकाच्या खुर्चीत बसवले आणि निघालो. तो बिचारा काही बोलला नाही. मोठ्या रुग्णालयात पोटाच्या माणसाचा पायाचा फोटो काढत असतील, असे त्याला वाटले असावे. लिफ्टच्या तोंडाशी मावशी आडवी आली.

"खंय घेवन चल्लंस?"

"एक्स-रेला. पायाच्या."

"ह्या माणसाच्या पायाक काय झाला? सकाळी तो माझ्या फुडल्यान चालत न्हाणयेत गेलो. बी.ए., तुका दोन पायांचो माणूस दिसना नाय?"

तिला कागद पाहावा लागला नव्हता. वॉर्डातला प्रत्येक माणूस कोणत्या गावचा, कोणाचा कोण, त्याला काय झाले आहे, हे तिला पाठ असायचे. आमच्याकडे वडीलधाऱ्या माणसाला तोंडावर "तुमचे नाव काय?" असे विचारत नाहीत. "गाव खंयचो?" असे विचारतात, मग "कोणाच्या घरातलो?", आणि त्यातून नाव आपोआप बाहेर येते. नाव सरळ विचारणे म्हणजे, तू कोण आहेस ते मला ठाऊक नाही आणि ठाऊक करून घ्यायची मला गरजही नाही, असे सांगण्यासारखे. मावशीने वीस-बावीस वर्षांत एकाही रुग्णाला त्याचे नाव विचारले नसेल. आणि तिच्याकडून एकही माणूस चुकीच्या ठिकाणी गेला नाही. चूक केली ती मी, ज्याला वाचता येत होते.

पुढे डिचोलीत आमच्या क्षेत्राचे प्रशिक्षण केंद्र निघाले. प्रशिक्षक पदवीधर हवा आणि दोन वर्षे रुग्णालयात काम केलेला हवा, अशी अट होती. इतिहासाचा पदवीधर चालेल का, असे मी भीत भीत विचारले. पदवी कशाची असावी हे अटीत लिहिले नव्हते. मी प्रशिक्षक झालो. आईने फ्रेमची काच पुसली. मावशी, जिने मला सगळे शिकवले, तिला प्रशिक्षक होता आले नसते. हे मला तेव्हा गमतीचे वाटले होते.

केंद्र म्हणजे हार्डवेअरच्या दुकानाच्या वर दोन खोल्या. एका खोलीत फळा आणि खुर्च्या, दुसरीत लोखंडी खाट आणि तिच्यावर बाहुला. बाहुला पूर्ण उंचीचा, गोरापान, निळ्या डोळ्यांचा. मुलींनी त्याचे नाव 'सायब' ठेवले. पहिल्या तुकडीत तर सायबाला अंघोळ घालायची म्हटल्यावर सगळ्या जणी भिंतीकडे तोंड करून उभ्या राहिल्या. त्याला कुशीवर वळवले की डावा हात खांद्यातून निखळून खाली पडायचा, आणि आपण रुग्णाचा हात मोडला म्हणून एकीला रडू आले होते.

पुस्तकही बाहेरूनच आले होते. त्यात लिहिले होते, 'रुग्णाशी सतत नेत्रसंपर्क ठेवावा.' मी तसे शिकवले. एका नव्या लग्नाच्या मुलीने विचारले, "सर, रुग्ण सासऱ्याच्या वयाचा असला तरी?" दुसऱ्या धड्यात होते, 'रुग्णास आजोबा, काका, मामा असे नातेवाचक संबोधन करू नये, त्याच्या नावाने संबोधावे.' पूर्ण वर्ग माझ्याकडे असा पाहायला लागला, जणू मी त्यांना कोणाच्या देवघरात चपला घालून जायला सांगत होतो.

आमच्या मुलींना नोकऱ्या लागतात. केंद्राच्या भिंतीवर फोटोंसह फलक आहे. त्यातल्या काही रुग्णालयात आहेत, काही हॉटेलच्या स्वागतकक्षात, एक मोबाइलच्या दुकानात. सगळ्या 'यशस्वी' या एकाच मथळ्याखाली. हरमलच्या एका घरात म्हातारीच्या शुश्रूषेसाठी मी एक मुलगी पाठवली होती. त्या घरच्यांच्या पर्यटकांना भाड्याने द्यायच्या आठ खोल्या होत्या. चौथ्या दिवशी तिचा फोन आला.

"सर, तुम्ही शिकवलेलं बेड मेकिंग रोज करते. आठ खाटा."

"आठ? म्हातारी तर एकच आहे."

"होय सर. बाकीच्या खाटांवर रुग्ण नाहीत."

मी तिला परत बोलावून घेतले. घरमालक माझ्यावर चिडला. म्हणाला, "खाट ती खाट. तुम्ही काय ती वेगळी घालायला शिकवता?"

असे चालले असताना यंदा नवा नियम आला. मावशी होती त्या रुग्णालयाने ठेकेदाराला कळवले की यापुढे प्रमाणपत्र असलेलीच माणसे ठेवली जातील. ज्यांना बरीच वर्षे अनुभव आहे त्यांनी बारा दिवसांचा छोटा वर्ग करून थेट परीक्षा द्यावी. ठेकेदाराने मावशीला आमच्याच केंद्रात, चालू तुकडीच्या शेवटच्या बारा दिवसांसाठी पाठवले.

सकाळी मी हजेरी घेत होतो. दारात मावशी. निळी साडी नव्हती, ठेवणीतले पातळ नेसली होती, हातात प्लास्टिकच्या पिशवीत वही. मी ताडकन उठलो. अख्खा वर्ग उठला.

"बस रे, बस," मावशी म्हणाली. "मी शिकूक इलंय."

मी तिला माझी खुर्ची दिली. फळ्याशेजारी, वर्गाकडे तोंड करून. एकोणीस मुली समोर आणि ती माझ्या बाजूला, जशी काही केंद्रप्रमुख. मी मुलींना सांगितले, "या माझ्या गुरू. मला जे येते ते यांनी शिकवले आहे." खरे तेच सांगितले. आणि त्या क्षणापासून मी तिला "तुम्ही" म्हणायला लागलो. तिने एक-दोनदा चमकून पाहिले.

परीक्षा कशी असते तेही सांगायला हवे. प्रत्येक कामाची एक यादी असते. कूस बदलण्याच्या चौदा पायऱ्या. पहिली, हात धुणे. दुसरी, रुग्णाला त्याचे पूर्ण नाव विचारून मनगटाच्या पट्टीशी ताडून पाहणे. मग काय करणार ते सांगणे, पडदा ओढणे, असे पुढे. काही पायऱ्यांपुढे तारा असतो. तारा असलेली पायरी राहिली तर बाकी सगळे कितीही सुंदर केले तरी नापास. दुसऱ्या पायरीपुढे तारा आहे, आणि तो असायलाच हवा. विश्राम गावड्यांची खुर्ची लिफ्टपर्यंत ढकलत नेलेला माणूस हे सांगतो आहे.

बारा दिवसांत मुलींकडून मी प्रत्येक काम इतक्या वेळा करून घेतले की त्या बसमध्येसुद्धा पायऱ्या पुटपुटायच्या. कोणी नाव विचारायला विसरली की मी टाळी वाजवून थांबवायचो आणि पहिल्यापासून करायला लावायचो. मावशीला मात्र मी यातले काही करायला लावले नाही. तिला काय शिकवायचे? उलट सहाव्या दिवशी मीच म्हणालो, "मावशी, तुम्ही यांना कूस बदलून दाखवा. बघू दे त्यांना, काम कसे असते."

मावशी उठली, पदर खोचला, सायबाकडे गेली. "चल बाबा, आता तुका कुशीर करतंय हां. घाबरू नको." एका हाताने खांदा, एका हाताने कंबर. बाहुला असा वळला जसा झोपेतला माणूस आपणहून वळतो. निखळणारा हात निखळला नाही. तिने टाचांखाली हात सरकवला, पाठीमागे उशी दिली, चादरीची घडी साफ केली. मुली बघतच राहिल्या.

तेवढ्यात मागून दर्शना म्हणाली, "सर, मावशीन नाव विचारूक नाय."

दर्शना हरमलची. वर्गातली सगळ्यांत चुणचुणीत आणि सगळ्यांत आगाऊ. सायबाला पहिल्यांदा पाहून "हो आमच्या भाडेकरूसारखो दिसता" म्हणणारी तीच. ती बरोबर होती. दुसरी पायरी राहिली होती. मी टाळी वाजवायला हवी होती.

मी म्हणालो, "दर्शना, मावशी बावीस वर्षं हे काम करताहेत. तू बावीस दिवस तरी कर, मग बोल."

वर्ग हसला. दर्शना खाली बसली. मावशीही हसली. मला बरे वाटले. मी गुरूचा मान राखला होता.

परीक्षेला घाटावरून एक तरुण परीक्षक आला. सभ्य मुलगा, हातात टॅब, सगळ्यांना अहोजाहो. एकेक मुलगी जाऊन सायबाला नाव विचारून आली. सायबाच्या मनगटावर त्या दिवशी 'सुरेश' अशी पट्टी होती. मावशीची पाळी शेवटी होती. नियमाप्रमाणे मी दाराशी उभा राहू शकत होतो, बोलू शकत नव्हतो.

तिने हात धुतले. टॉवेलने बोटांच्या बेचक्यासुद्धा पुसल्या. मग खाटेशी गेली आणि सरळ म्हणाली, "बाबा, आता तुका कुशीर करतंय."

परीक्षक बघत होता. काम संपत आले तेव्हा त्याने, नियमात नसताना, तिला संधी दिली. "मावशी, ह्या रुग्णाचं नाव काय?"

मावशीने बाहुल्याकडे पाहिले, मग त्याच्याकडे. "नाव? हो बावलो मरे."

मुली हसल्या. तो हसला नाही. "समजा, खरा रुग्ण असता. मग?"

"खरो आसलो तर माझी वळख आसतलीच. तेका कित्या विचारू? तेका काय वाटात?"

त्याने टॅबवर बोट टेकवले. नंतर माझ्याकडे येऊन हळू आवाजात म्हणाला, "सर, इतकं सुंदर काम मी यंदा पाहिलेलं नाही. मला वाईट वाटतंय. पण तारा आहे." मी म्हणालो, "बरोबर आहे." दुसरे काय म्हणणार? ती यादी मीच शिकवतो.

एकोणीस उत्तीर्ण, एक अनुत्तीर्ण. केंद्रप्रमुख खूश झाले, पेढे आले, फोटो निघाला. मावशीला मी बाजूला नेऊन निकाल सांगितला. तिने मला अर्धवट ऐकून घेतले, सायबाच्या अंगावरची चादर ओढून नीट केली आणि म्हणाली, "तुझ्या चेडवांका बरा शिकयलंस हां." मुलींचे कौतुक होते, त्यात टोमणा नव्हता. असता तर मला बरे झाले असते.

ठेकेदाराने नव्या यादीत तिचे नाव घातले नाही. रुग्णालय कृतघ्न नव्हते. त्यांनी तिचा छोटा समारंभ केला, शाल दिली आणि एका डॉक्टरांनी भाषणात सांगितले की शेवंतीसारखी माणसे आता मिळत नाहीत. तिच्या जागी त्यांना मिळाली ती दर्शना. मावशी आता केरीला असते. मुलगा-सुनेने घरामागे पर्यटकांसाठी तीन खोल्या काढल्या आहेत, त्या खोल्यांतल्या चादरी ती बदलते. ठेकेदार एवढे म्हणाला, "कागद आणा, पुढच्या यादीत घेतो." पुढची यादी जानेवारीत लागते. त्यानंतर तिच्या वयाच्या बाईला कोणी नव्याने घेणार नाही.

हे सगळे मी दैवावर, नियमावर, काळावर टाकून मोकळा झालो होतो. दोन-तीन ठिकाणी तर 'अनुभव आणि प्रमाणपत्र' या विषयावर तावातावाने बोललोही. मग एका रविवारी दर्शना घरी आली. वॉर्डातल्या शंका ती रोज मावशीला फोनवर विचारते, हे तिनेच सांगितले. चहाचा कप खाली ठेवून म्हणाली, "सर, राग मानू नकात. एक विचारू?"

"विचार."

"माका तुम्ही पन्नास वेळा करूक लायलात. मावशीक एकदाय नाय. कित्या?"

"अगं, ती माझ्यापेक्षा मोठी. माझी गुरू. तिला मी टाळ्या वाजवून थांबवू?"

"मगे त्या परीक्षकान थांबयल्यान. तो काय तिच्यापेक्षा मोठो होतो?"

ती पुढे म्हणाली, "मावशी माका फोनार सगळा सांगता. पण 'पायरी' म्हटला की गप्प रवता. तिका ती यादी येऊकच नाय, सर. तिका कोणी शिकवूकच नाय."

बावीस वर्षे जिने चुकल्यावर ओरडून माणसे घडवली, तिच्यावर मी ओरडलो नाही, याला मी मान म्हणत होतो. त्या वर्गात शिकायला वीस जण आले होते आणि मी एकोणीस जणांना शिकवले.

सहा महिन्यांच्या आत एकदा पुनर्परीक्षा घेता येते. त्यासाठी प्रशिक्षकाने अर्ज करायचा असतो. अर्जात 'अनुत्तीर्ण होण्याचे कारण' असा रकाना आहे. केंद्रप्रमुख म्हणाले, "'उमेदवार आजारी' असं लिहा. सगळीकडे तेच लिहितात."

"ती कधी आजारी पडत नाही, सर."

"तुम्हाला कोण तपासायला सांगतंय?"

मी लिहिले, 'प्रशिक्षकाने सराव घेतला नाही.' खाली माझे नाव आणि सही. त्यांनी कागद दोनदा वाचला. "हे तुमच्या फाइलला लागेल. पुढची तुकडी तुम्हाला मिळेल याची मग मी खात्री देत नाही." अर्ज गेला, मंजूर होऊन आला. पुढच्या तुकडीचे अजून काही कळलेले नाही. आईला मी हे सांगितलेले नाही.

मावशीने यायचे की नाही हे तिने ठरवायचे आहे. मी फोन केला तर ती मला बोलू देत नाही; जेवलंस काय, आवस बरी आसा मा, एवढी माझी नि आईची चौकशी करून फोन ठेवते. म्हणून मी तिला पत्र लिहिले. पोस्टात टाकून चार दिवस झाले. त्याची प्रत खाली देतो.

*

शेवंतीमावशीस दिलीपचा नमस्कार.

अक्षर मोठे काढले आहे. चष्मा लावून तूच वाच, सुनेकडे देऊ नकोस.

तू परीक्षेत नापास झालीस ती तुला काम येत नाही म्हणून नव्हे. मी तुला शिकवले नाही म्हणून. बारा दिवस तू माझ्याकडे शिकायला आली होतीस, तसे तू पहिल्याच दिवशी सांगितलेही होतेस, आणि मी तुला खुर्चीत बसवून ठेवले. मला वाटत होते मी तुझा मान राखतो आहे. खरे सांगायचे तर मला तुला चूक म्हणायची भीती वाटत होती. दर्शनाला भीती वाटली नाही, तर तिलाच मी गप्प केले. तिची मी माफी मागितली आहे. तुझी या पत्रात मागतो.

नाव विचारायचा नियम खुळा आहे असे तुला वाटते. तो खुळा नाही. तुला सगळी माणसे ठाऊक असतात, पण ज्या दिवशी तू वॉर्डात नसशील त्या दिवशी माझ्यासारखा कोणीतरी असेल. त्याच्यासाठी तो नियम आहे, आणि त्याच्यासाठी आहे म्हणून सगळ्यांना आहे. म्हाताऱ्या माणसाला नाव विचारताना तुझी जीभ अडखळते, हे मला कळते. तू असे म्हण, "बाबा, तुमचा नाव एकदा सांगा, कागदार बघूचा आसा." दोष कागदावर टाक. तो काही मनाला लावून घेत नाही. वर्गात शिकवले असते तर मी तुला हेच सांगितले असते.

पुनर्परीक्षा मंजूर झाली आहे. त्याआधी आठ दिवस सराव, आता चालू असलेल्या तुकडीबरोबर. ओळखपत्र आणि दोन फोटो आण. पहिल्या बसने निघालीस तर म्हापशाला तुला डिचोलीची बस मिळेल. उतरलीस की फोन कर, मी स्टँडवर येतो.

वर्गात तू बाकीच्यांबरोबर उभी राहशील. हजेरीला मी तुझे पूर्ण नाव घेईन. पायरी चुकलीस तर सगळ्यांसमोर थांबवीन आणि पहिल्यापासून करायला लावीन, दहा वेळा चुकलीस तर दहा वेळा. तुला राग येईल. मला चार शब्द सुनावावेसे तुला वाटले तर सुनाव, मुलींनी ऐकले तरी चालेल. पण सुनावून झाल्यावर पायरी पहिल्यापासून कर.

तुझ्याकडून घेतलेले सगळे मी दुसऱ्यांना शिकवले, मावशी. तुला शिकवायचे तेवढे राहिले आहे.

बुधवारी ये.

तुझा
दिलीप